धुळ्याच्या तुरुंगातील लेखणी

राखेच्या बुधवारी कपाळावर भस्माचा क्रूस उमटतो आणि प्रायश्चित्तकाळास आरंभ होतो. शुक्रवारी मांसाहार वर्ज्य होतो, क्रूसाच्या वाटेला चर्च भरून जाते. मात्र या व्रतांमधून नम्रता आणि त्याग आपल्या अंगी किती मुरतात, हा प्रश्न आपण स्वतःला क्वचितच विचारतो. त्याचे उत्तर शोधताना आपल्या खानदेशच्या इतिहासातील एक पान उलगडावेसे वाटते.

१९३२ साली राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आला होता. प्रायश्चित्तकाळाच्या दुसऱ्या रविवारी, २१ फेब्रुवारीला, धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी सत्याग्रही कैद्यांपुढे गीतेवरील पहिले प्रवचन केले. दर रविवारी एक, याप्रमाणे १९ जूनपर्यंत १८ प्रवचने झाली. ती ऐकता ऐकता एक कैदी सारे टिपून घेत होता. ते होते साने गुरुजी. त्यांच्या लेखणीमुळेच ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ महाराष्ट्राला लाभला. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिणारा हा प्रतिभावंत त्या रविवारी स्वतःचे शब्द बाजूला ठेवून दुसऱ्याचे शब्द जपत बसला होता.

ही वृत्ती एका दिवसात आलेली नव्हती. त्या काळी पूर्व खानदेशात असलेल्या अमळनेरला गुरुजी १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते. तेथील छात्रालयात मुलांच्या खोल्या झाडणे, कंदील पुसणे, कपडे घडी करून ठेवणे अशी कामे ते निमूटपणे करीत. पवित्र गुरुवारी शिष्यांचे पाय धुणाऱ्या प्रभूची आठवण आपण वर्षातून एकदा करतो. गुरुजींची सेवा मात्र रोजची होती.

या नम्रतेतूनच पुढे त्याग उभा राहिला. पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराचे दार अस्पृश्यांना उघडावे म्हणून १ मे १९४७ रोजी गुरुजींनी प्राणांतिक उपोषण आरंभिले. १० मे रोजी ते सुटले आणि मंदिर सर्वांना खुले झाले. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या गुरुजींना ते दार कधीच बंद नव्हते. जे बाहेर ताटकळत होते, त्यांच्यासाठी त्यांनी आपला देह पणाला लावला.

गुरुजींना ख्रिस्ती ठरविण्याचा हा खटाटोप नव्हे. ते आपल्या धर्मनिष्ठेतच मोठे होते. पण खरा उपवास बेड्या तोडतो आणि भुकेल्याशी भाकर वाटून घेतो, असे यशया संदेष्ट्यानेही बजावले आहे. ख्रिस्ताने देवपणाचा मान बाजूला ठेवून दासाचे रूप घेतले, ही तर संत पौलाची शिकवण. तिचा पडताळा आपल्याच मातीत मिळावा, हे आपले भाग्य होय.

आणि हा आपल्यासाठी आरसाही आहे. भारतीय कॅथोलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर केले, तेव्हा ख्रिस्तसभेतही जातिभेद उरला असल्याची कबुली त्यात दिली. जळगाव आणि धुळे हे दोन्ही जिल्हे ज्या नाशिक धर्मप्रांतात येतात, तेथील आम्ही कुटुंबेही या प्रश्नापासून दूर नाही. सोयरीक जुळविताना, पंगतीला बसताना, धर्मग्रामातील मानाची जागा वाटताना आमच्या मनाचे एखादे दार अजून बंद आहे काय?

शुक्रवारी ताटातील एक पदार्थ कमी करणे सोपे आहे. मनातील ते दार उघडले, तरच आमच्या उपवासाला अर्थ येईल.