कोयत्याची कंबर

नगर जिल्ह्याच्या उसाचा इतिहास आपण पाण्यापासून सांगतो. भंडारदऱ्याचं धरण 1926 मध्ये पुरं झालं, प्रवरेच्या कालव्यांवर बागायत वाढली. हरेगावला बेलापूर कंपनीचा खाजगी कारखाना होताच. मग विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून लोणीचा सहकारी कारखाना उभा राहिला आणि 1950-51 च्या हंगामात गाळपाला लागला. टनेज, उतारा, भागभांडवल, सगळं लिहिलेलं आहे. तोडणाऱ्याची कंबर मात्र या हिशेबात कुठे बसत नाही.

खरं तर ती हिशेबाच्या मुळाशीच आहे. उसाच्या बुडाकडे साखर जास्त, म्हणून घाव जमिनीलगत घालायचा, म्हणजे दिवसभर कमरेतून वाकायचं. मग पाचट काढायचं, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं. बीडकडून, आपल्याच पाथर्डीतून येणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या वहीत नाव असतं ‘एक कोयता’. उचल आधीच घेतलेली, खाडा झाला तर दंड. अशात कंबर धरली म्हणून कोण बसणार?

देकार्तच्या 1664 साली छापलेल्या ग्रंथात वेदना म्हणजे दोरी ओढली की वाजणारी घंटा. तीनशे वर्षं डॉक्टरही साधारण तेच मानत आले. 1965 मध्ये मेल्झॅक आणि वॉल यांनी मज्जारज्जूत एक फाटक असल्याची कल्पना मांडली. मेंदू ते उघडू-मिटू शकतो. पुढे शिकागोत अपकारियन यांच्या गटाला 2004 साली जुन्या कंबरदुखीच्या 26 रुग्णांच्या मेंदूतला करडा भाग कमी झालेला दिसला. 2012 मध्ये त्याच गटाने नव्याने दुखणं लागलेल्यांवर वर्षभर लक्ष ठेवलं. मेंदूचा कपाळामागचा भाग आणि बक्षिसाची, हव्या-नकोशाची गणितं करणारं एक छोटं केंद्र यांच्यातली जोडणी ज्यांच्यात सुरुवातीपासून घट्ट होती, त्यांचं दुखणं बहुधा मुक्कामाला राहिलं.

मला भीती वाटते ती या शोधाच्या गावठी भाषांतराची. ‘दुखणं मेंदूत असतं’ याचं ‘नाटक करतेय’ व्हायला फडावर वेळ लागत नाही. एक्स-रे साफ आला की दवाखान्यातही नाही. वास्तविक अर्थ उलटा आहे: हाडात काही दिसलं नाही तरी दुखणं शरीरातच आहे, मेंदूच्या जोडण्यांत, आणि ते मोजता येतं.

मॉन्ट्रियलमधला 2011 चा अभ्यास त्यासाठी वाचावा. तिथे रुग्णांच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली किंवा मणक्याच्या सांध्यात इंजेक्शनं दिली गेली. सहा महिन्यांनी पाहिलं, तर मेंदूच्या पुढच्या भागातला पातळ झालेला थर पुन्हा जाड होत होता. मेंदूला कुणी हातही लावला नव्हता. इलाज पाठीवर झाला होता.