पीस, दोरा आणि नाव



आज आम्ही तुम्हाला एका परदेशी हस्तकलेचा इतिहास सांगणार आहोत. परदेशी खरी, पण तिच्यात आपल्या सह्याद्रीतल्या एका पाखराचे पीस आहे. आणि बायकांचे कष्ट तर फारच आहेत.

गळाने मासे धरायचे तर आपल्याकडे गळाला गांडूळ, कोळंबी नाहीतर पिठाची गोळी लावतात. युरोप-अमेरिकेत छंद म्हणून मासे धरणाऱ्यांची एक वेगळी रीत आहे. ते गळाच्या आकड्यावरच पिसे, केस, लोकर आणि चमकती तार दोऱ्याने घट्ट गुंडाळतात आणि त्यातून किडा, कोळंबी किंवा बारका मासा तयार करतात. याला म्हणतात ‘फ्लाय’, म्हणजे माशी. एक फ्लाय बोटाच्या पेराएवढी असते. दोरा सैल पडला तर ती पाण्यात सुटते, जास्त ओढला तर तुटतो. सगळी करामत बोटांची.

जसे पाणी, तसे त्यातले मासे, आणि तशी फ्लाय. त्यामुळे प्रत्येक प्रदेशाने आपापले नमुने बसवले. हे ज्ञान बराच काळ तोंडी होते. एकाच फ्लायला दोन गावांत दोन नावे असायची. गिऱ्हाईक पत्राने एक मागवायचे आणि हातात दुसरीच पडायची.

हा घोळ निस्तरला मेरी ऑर्व्हिस मार्बरी यांनी. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात मँचेस्टर नावाचे गाव आहे, तिथे त्यांच्या वडिलांचा मासेमारीच्या सामानाचा धंदा होता. १८७६ साली, विशीत असताना, मेरी यांनी त्यातले फ्लाय बांधायचे खाते हाती घेतले. बांधणाऱ्या सगळ्या बायकाच होत्या. पुढे देशभरच्या मासे धरणाऱ्यांना पत्रे गेली: तुमच्याकडे कोणती फ्लाय चालते, तिला काय म्हणतात, ती कशी आली? राज्याराज्यांतून उत्तरे आली. ती जुळवून १८९२ साली मेरी यांनी जाडजूड पुस्तक काढले. त्यात २९० फ्लायची रंगीत चित्रे आहेत आणि लोकांनी लिहून पाठवलेल्या हकिगतीही. तेव्हापासून नाव सांगितले की नमुना कोणता हे ठरू लागले. त्या पुस्तकावर मेरी यांचे नाव आहे. टेबलाभोवती बसून बांधणाऱ्या बाकीच्या बायकांची नावे मात्र आज क्वचितच कुणी घेते.

आता स्कॉटलंडला जाऊ. तिथला सामन मासा नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो. परतल्यावर तो जवळजवळ काही खात नाही. म्हणून त्याच्यासाठीची फ्लाय खाद्यासारखी नसते. तो चिडून झडप घालेल अशी ती भडक आणि नटवी करतात. या नटण्यात आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरचे पीस लागायचे. त्यावर मेणाचे थेंब पडावेत तसे पांढरट-पिवळे ठिपके असतात. फ्लायच्या दोन्ही बाजूंना एकेक पीस लावले की डोळा तयार. इंग्रजांच्या काळात ही पिसे इथून विलायतेला जात. आज या पक्ष्याला आपल्या कायद्याचे संरक्षण आहे आणि त्याची शिकार हा गुन्हा आहे.

याच स्कॉटलंडच्या उत्तर भागात, ब्रोरा गावाजवळच्या एका साध्या घरात मेगन बॉइड राहायच्या. जन्म १९१५चा. लहानपणी एका शेजाऱ्याकडून त्या हे काम शिकल्या आणि पुढे जन्मभर खिडकीशी बसून फ्लाय बांधत राहिल्या. स्वतः मात्र त्यांना मासे मारणे आवडत नसे. युवराज चार्ल्स त्यांचे गिऱ्हाईक होते. १९७१ साली राणीने पदक जाहीर केले, तेव्हा मेगनबाईंनी कळवले की त्या दिवशी कुत्र्याला सांभाळायला कुणी नाही, मला येता येणार नाही. बारीक कामाने पुढे नजर अधू झाली आणि काम थांबवावे लागले. २००१ साली त्या गेल्या.

खाऱ्या पाण्यातल्या फ्लायचा विस्तार त्यामानाने अलीकडचा. बहामा बेटांपैकी अँड्रॉस बेटावर चार्ली स्मिथ नावाचे वाटाडे होते. तिथे उथळ, नितळ पाण्यात बोनफिश तळाशी चरतो. साधा गळ तळाच्या वाळूत आणि गवतात अडकतो. १९७०च्या दशकात मण्यांच्या साखळीचे दोन मणी डोळे म्हणून लावलेली फ्लाय तिथे आली. मण्यांच्या वजनाने ती उलटी होऊन बुडते, आकड्याचे टोक वर राहते आणि गळ अडकत नाही. ही फ्लाय जगभर ‘क्रेझी चार्ली’ म्हणून विकली जाते. निदान वाटाड्याचे नाव तिला चिकटून राहिले.

सगळ्यांचे राहत नाही. आज दुकानांतल्या कितीतरी फ्लाय केनिया, थायलंड, श्रीलंका अशा देशांत बांधल्या जातात आणि बांधणाऱ्यांत बायका पुष्कळ आहेत. आपल्या विडी कामगार बहिणींना हजारावर मजुरी मिळते, तशी यांच्यापैकी अनेकींना डझनावर. फ्लायवर नाव असते नमुना काढणाऱ्याचे नाहीतर कंपनीचे. बांधणारीचे नसते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. आपल्या गटातल्या कुणाची गोधडी, कुणाचे भरतकाम, कुणाची टोपली असेल. नमुना कुठला, कुणाकडून आला, केला कुणी आणि त्याला किती दिवस लागले, हे गटाच्या वहीत लिहून ठेवा. भाव मागताना ते पान कामाला येईल, आणि उद्या कुणी इतिहास लिहायला बसले तर त्यात तुमचे नाव असेल.