मेमरी प्रोफाइल, संगणकीय

संगणकाची मेमरी प्रमाणित कंप्रतेपेक्षा (दर सेकंदास होणाऱ्या स्पंदांच्या संख्येपेक्षा) अधिक कंप्रतेवर चालविण्यासाठी मेमरीच्या पट्टीवरच नोंदविलेला मूल्यांचा संच. मदरबोर्डवरील बायॉस ही आज्ञावली तो वाचते व वापरणाऱ्याने तसे निवडल्यास त्याप्रमाणे कंप्रता, विलंबकाल आणि विद्युत् दाब ठरविते. अशा वाढीव वेगाने चालविण्यास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात.

पट्टीवर वीज गेली तरी नोंदी टिकविणारी एक लहान चिप असते. तीत जेडेक या प्रमाणीकरण संस्थेने ठरविलेल्या क्रमाने पट्टीची माहिती लिहितात. या व्यवस्थेस एसपीडी म्हणतात. जेडेकची मूल्ये सावधपणे ठरविलेली असतात. निवडक चिपांच्या पट्ट्या त्यांहून बऱ्याच वेगाने चालू शकत. परंतु त्यासाठी अनेक विलंबकाल बायॉसमध्ये हाताने भरावे लागत आणि एखादे मूल्य चुकल्यास संगणक सुरूही होत नसे. साहजिकच हा उद्योग हौशी जाणकारांपुरता मर्यादित होता.

२००६ मध्ये एन्व्हिडिया व कॉर्सेअर या कंपन्यांनी डीडीआर२ मेमरीसाठी ईपीपी ही पद्धत मांडली. एसपीडीमध्ये उत्पादकांसाठी मोकळ्या ठेवलेल्या बाइटांत वाढीव मूल्ये लिहावयाची, एवढीच तीतील युक्ती होती. २००७ मध्ये इंटेलने डीडीआर३ साठी आणलेली एक्सएमपी पद्धत मात्र सर्वत्र रूढ झाली. तिच्यात दोन प्रोफाइल असत. डीडीआर५ साठीच्या तिसऱ्या आवृत्तीत (२०२१) ती पाच झाली व त्यांपैकी दोन वापरणाऱ्यास स्वतः लिहिता येतात. एएमडीची एक्सपो पद्धत २०२२ मधील आहे.

या सोयीमुळे वेष्टनावर प्रोफाइलचाच वेग छापण्याची प्रथा पडली. ३,२०० अंक छापलेली डीडीआर४ पट्टी प्रोफाइल न निवडल्यास पुष्कळदा २,१३३ किंवा २,६६६ वरच चालते, हे अनेक ग्राहकांच्या लक्षातही येत नाही. शिवाय मेमरी-नियंत्रक प्रोसेसरमध्ये असल्याने छापील वेग मिळेलच याची खात्री पट्टीचा उत्पादक एकटा देऊ शकत नाही. आणि प्रोसेसरचे उत्पादक ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेली हानी हमीबाहेर ठेवतात. जोखीम अशा रीतीने ग्राहकाकडेच राहते.

विद्युत् दाबाचा प्रश्न याहून गंभीर आहे. डीडीआर४ चा प्रमाणित दाब १·२ व्होल्ट असून प्रोफाइलमध्ये तो बहुधा १·३५ असतो. एवढी वाढ सामान्यतः निर्वेध ठरली आहे. परंतु एक्सपो निवडताच काही मदरबोर्ड प्रोसेसरमधील नियंत्रकाचा दाबही वाढवीत. २०२३ मध्ये रायझेन ७००० मालिकेतील काही प्रोसेसर जळाल्यावर एएमडीने सुधारित बायॉसद्वारे हा दाब १·३ व्होल्टपर्यंत मर्यादित केला.