वेदन व संवेदन

ज्ञानेंद्रियांकडून मेंदूला पोचणारी कच्ची नोंद म्हणजे वेदन आणि त्या नोंदीचा मेंदूने लावलेला अर्थ म्हणजे संवेदन. अंधारात पायाला काहीतरी गार, लांबट लागले, हे वेदन. तो साप वाटला, हे संवेदन. दिवा लावल्यावर तेथे दोरी दिसली, तर चुकतो तो अर्थ, स्पर्श नव्हे. दोरी-सापाचा हा दृष्टांत भारतीय दर्शनांतला. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष ज्ञानाचे निर्विकल्पक (‘काहीतरी आहे’) आणि सविकल्पक (‘हा घट आहे’) असे भेद केले. मात्र त्यामागे चिंता होती ती ज्ञानाच्या प्रामाण्याची, तर मानसशास्त्र ते ज्ञान घडते कसे हे विचारते. मराठीतील परिभाषा अजून एकसारखी नाही. ‘वेदना’ हा शब्द दुखण्यासाठी रूढ असल्याने पहिल्याला ‘संवेदना’ व दुसऱ्याला ‘अवबोध’ असेही म्हटलेले आढळते.

वेदनाची सुरुवात ग्राही पेशींपासून होते. प्रकाश, ध्वनिलहरी, दाब, रसायने यांचे त्या विद्युत्-संदेशांत रूपांतर करतात. संदेश कशामुळे निघाला यापेक्षा तो कोणत्या मज्जातंतूतून आला यावर अनुभवाची जात ठरते, असे योहानेस म्यूलर यांनी १८२६ मध्ये मांडले. मिटलेल्या डोळ्याच्या कोपऱ्यावर बोटाने हलके दाबले, तर प्रकाश नसतानाही उजेडाचे वर्तुळ दिसते ते यामुळेच.

पाच ज्ञानेंद्रियांची परंपरागत यादी अपुरी आहे. शरीराचा तोल, सांध्यांची स्थिती, तापमान आणि दुखणे यांसाठी स्वतंत्र यंत्रणा आहेत. तिखटाला आपण षड्रसांत बसवतो, पण ती जिभेची चव नव्हे. मिरचीतील कॅप्सेसिन ज्या ग्राहीला चिकटते तो एरवी सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या पुढील उष्णतेने जागा होतो. डेव्हिड ज्यूलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये तो ओळखला; २०२१ चे नोबेल पारितोषिक त्यांना आणि स्पर्शाच्या ग्राहींचा शोध घेणारे आर्डेम पॅटापूशियन यांना मिळाले. ‘तोंडाची आग झाली’ असे म्हणणारी मराठी जीभ अचूकच बोलत होती.

वेदन मोजता येते, हे लाइपझिगच्या अर्न्स्ट वेबर यांनी दाखवले. वजनातला फरक जाणवणे हे मूळ वजनाच्या प्रमाणात असते. ते प्रमाण सुमारे २ टक्के धरतात. म्हणजे १०० ग्रॅममध्ये २ ग्रॅमची भर हाताला कळेल, ५ किलोच्या पिशवीत कळणार नाही; तेथे १०० ग्रॅम लागतील. गुस्ताव फेखनर यांनी याला १८६० च्या ग्रंथात गणिती रूप दिले आणि प्रायोगिक मानसशास्त्राचा पाया घातला. वेदनाचा उंबरठा, म्हणजे काहीतरी जाणवण्यासाठी लागणारी किमान पातळी, मात्र अढळ नसतो. कोणाची वाट पाहत असताना दारावरची अस्पष्ट टकटकही ऐकू येते.

संवेदनाचा प्रश्न अधिक अवघड आहे. दृष्टिपटलावरची प्रतिमा सपाट आणि उलटी असते. तरी जग खोल व सुलट दिसते. दूर जाणारा माणूस पटलावर लहान होत जातो, पण तो बुटका झाला असे वाटत नाही. हेल्महोल्ट्झ यांनी याला मेंदूचे नकळत काढलेले अनुमान म्हटले. म्यूलर-लायर यांच्या १८८९ मधील आकृतीत बाणांच्या टोकांमुळे दोन सारख्या रेषा लहान-मोठ्या भासतात. फूटपट्टीने मोजून खात्री झाल्यावरही भास जात नाही. हे अनुमान आपल्या जाणत्या विचाराला जुमानत नाही.

हे अनुमान जन्मजात असते की शिकलेले? डब्लिनचे विल्यम मॉलिन्यू यांनी १६८८ मध्ये जॉन लॉक यांना पत्र लिहून विचारले होते : स्पर्शाने गोल आणि घन ओळखणाऱ्या जन्मांधाला एकाएकी दृष्टी आली, तर नुसते पाहून त्याला ते ओळखता येतील का? उत्तराची एक मोलाची कडी भारतातून मिळाली. पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’ या उपक्रमात शस्त्रक्रियेने दृष्टी लाभलेल्या, ८ ते १७ वयाच्या पाच जणांची चाचणी झाली. निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. पाहिलेला ठोकळा पाहून आणि चाचपलेला ठोकळा चाचपून ते चांगले ओळखत. चाचपलेला ठोकळा पाहून ओळखताना मात्र उत्तरे जवळजवळ अंदाजपंचे आली. डोळ्यांतून वेदन पोचत होते, पण त्याची हाताच्या ओळखीशी गाठ पडलेली नव्हती. ज्यांची पुन्हा चाचणी घेता आली, त्यांच्यात ती गाठ काही दिवसांतच पडली, आणि तीही मुद्दाम शिकवणी न देता.