सेलू परिसरातील प्राथमिक शिक्षण व 'आपला जिल्हा' : एक ऐतिहासिक विचार

प्राथमिक स्तरावर सामाजिक शास्त्रांचे अध्यापन 'जवळून दूर' या क्रमाने व्हावे, हे तत्त्व पेस्तालोझीपासून मान्यता पावलेले आहे. घर, गाव, तालुका, जिल्हा, राज्य, देश अशी ही चढती वर्तुळे होत. महाराष्ट्रात इयत्ता तिसरीस जिल्ह्याचा भूगोल व चौथीस शिवचरित्र ही रचना दीर्घकाळ टिकली, तिच्या मुळाशी हाच विचार आहे. मात्र मुलाभोवतीची वर्तुळे स्थिर असतात, असे यात गृहीत धरलेले असते. परभणी जिल्ह्यातील सेलूच्या बाबतीत हे गृहीत टिकत नाही.

सप्टेंबर १९४८ पर्यंत सेलू निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. त्यानंतर भारतीय संघराज्यातील हैदराबाद राज्य, १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. म्हणजे १९४७ साली पहिलीत बसलेल्या मुलाने तेरा वर्षांत, गावाची वेस न ओलांडता, चार राजकीय चौकटी पाहिल्या. पुढे जिल्हाही बदलला. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा निर्माण होऊन परतूर तालुका तिकडे गेला. रेल्वेने जवळचे असलेले परतूर भूगोलाच्या पुस्तकात परजिल्ह्यातील ठरले. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा झाला. १९७५ च्या सुमारास सेवेत आलेल्या शिक्षकास एकाच सेवाकाळात 'आपल्या जिल्ह्याचे' तीन आकार शिकवावे लागले. भिंतीवरील नकाशे इतक्या तत्परतेने बदलत नाहीत, हे अध्यापकांस सांगणे नलगे.

इतिहासाची अडचण याहून गहन आहे. निजामी राजवटीत माध्यमिक स्तरापासून उर्दूचे प्राबल्य होते व खाजगी शाळांवर परवानगीचे बंधन होते. १९३७ च्या वर्धा योजनेतून पुढे आलेल्या अभ्यासक्रमात इतिहास, भूगोल व नागरिकशास्त्र यांची सामाजिक अभ्यास म्हणून सांगड घातली गेली. परंतु तो प्रयोग प्रामुख्याने ब्रिटिश प्रांतांतला. मराठवाड्यात स्वभाषेतून समाजाची ओळख देण्याचे कार्य हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेसारख्या मोजक्या संस्थांनी केले. स्वामी रामानंद तीर्थ तेथूनच पुढे आले, हा योगायोग नव्हे.

आजही सेलूतील बालक १५ ऑगस्टला ध्वजवंदन करते आणि महिनाभराने, १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी पुन्हा करते. 'स्वातंत्र्य दोनदा कसे मिळाले?' हा त्याचा प्रश्न सर्वथा रास्त आहे. पुण्याच्या मुलास तो पडत नाही. राज्यभर एकच पाठ्यपुस्तक चालत असल्याने, त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी बव्हंशी शिक्षकावर येते.

हे उत्तर सोपे करताना मोठी जोखीम असते. आठ-नऊ वर्षांच्या मुलास सांगितलेला रझाकारांचा इतिहास पाहता पाहता शेजारच्या बाकावरील मुस्लिम वर्गमित्राचा इतिहास होऊन बसतो. वास्तविक रझाकारांविरुद्ध निर्भीडपणे लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली, आणि पोलीस कारवाईनंतर मुस्लिम समाजावर झालेल्या अत्याचारांची नोंद सुंदरलाल समितीने केली. हा अहवाल इयत्ता चौथीचा विषय नव्हे. शिक्षकाने तो वाचलेला असणे मात्र अगत्याचे आहे. शोएबुल्ला खान यांची गोष्ट तर वर्गात सांगावी अशीच आहे. तीत अनियंत्रित सत्ता एका बाजूस आणि प्रजा दुसऱ्या बाजूस, हे मुलांस व्याख्येवाचून कळते.

काळाची जाणीव या वयात सनावळीने येत नाही. आजी-आजोबांच्या वयाने येते. १९४८ साली दहा वर्षांचे असलेले नागरिक आज नव्वदीकडे झुकले असून, ही साधने झपाट्याने नाहीशी होत आहेत. मुलांनी त्यांस विचारावयाचे प्रश्न साधे असावेत : शाळेत कोणती भाषा बोलत? दुधनेचे पाणी उन्हाळ्यात कोठवर असे? बाजारात कोणते नाणे चाले? सात हाली रुपयांस सहा कलदार मिळत, हा हिशेब घरातून ऐकून आलेले मूल 'संस्थान' या शब्दाचा अर्थ पुन्हा विचारीत नाही.