लंगरची देग : गिरड ते जेरुसलेम

राजे, तह आणि लढाया यांचा इतिहास आपण शाळेत शिकतो, शिकवतोही. देगेचा इतिहास मात्र पाठ्यपुस्तकात येत नाही. वास्तविक कोण कोणाच्या पंगतीला बसला, यावरून समाजाची जेवढी ओळख पटते तेवढी तहनाम्यावरून पटत नाही.

आमच्या विदर्भापासूनच सुरुवात करू. वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यात गिरडची टेकडी आहे. तिथे बाबा फरीद यांच्या नावाचा दर्गा आहे. हिंदू आणि मुसलमान दोघेही तिथे नवस फेडायला जातात. टेकडीवर सुपारी-जायफळाच्या आकाराचे गोल दगड सापडतात. एका व्यापाऱ्याने फकिराची थट्टा केली आणि त्याच्या सगळ्या मालाचे दगड झाले, अशी दंतकथा आहे. भूगर्भशास्त्र सांगते की, हे काळ्या पाषाणाच्या पोकळ्यांत तयार झालेले खनिज आहे. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी राहू द्याव्यात. पण साठवलेले धान्य आणि दारात आलेला भुकेला यांत मोठे कोण, याचा निकाल त्या दंतकथेने केव्हाच देऊन टाकला आहे, हे विसरू नये.

गिरडची जागा श्रद्धेची आहे. बाबांचा ऐतिहासिक मुक्काम अजोधनला, म्हणजे आजच्या पाकपट्टणला होता. 1265 च्या सुमारास तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या खानकाहमध्ये करीलच्या झाडाची रानफळे उकडून खाल्ली जात. मीठ मिळाले तर मिळाले. एकदा त्यांचे शिष्य निजामुद्दीन औलिया यांनी मीठ उधार आणून घातले, तेव्हा बाबांनी घास तोंडात घातला नाही. फकिराने उपाशी राहावे, पण चवीसाठी कर्ज काढू नये, असा त्यांचा दंडक होता. पुढे याच निजामुद्दीनांच्या दिल्लीच्या लंगरमध्ये रोज शेकडो माणसे जेवू लागली. स्वतःसाठी मीठही नको आणि दुसऱ्यासाठी भरलेली देग, या दोन टोकांतून चिश्ती परंपरेचे अन्नशास्त्र तयार झाले.

याच बाबांचे नाव जेरुसलेममध्येही आहे. जुन्या शहराच्या हेरॉड दरवाजाजवळ ‘जाविया अल-हिंदिया’ नावाची भारतीय सराय आहे. सुमारे 1200 साली बाबा फरीद तिथे चिल्ल्याला बसले होते, अशी परंपरा सांगितली जाते. 1924 साली सहारनपूरचे नजीर हसन अन्सारी तिची व्यवस्था पाहायला गेले आणि तेव्हापासून ती जबाबदारी त्याच घराण्याकडे राहिली. दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैनिकांनी तिथे विसावा घेतला. 1967 च्या युद्धात सरायीवर तोफगोळे पडून या घरातली माणसे दगावली.

त्या सरायीपासून थोड्याच अंतरावर सुलतान सुलेमानची बेगम हुर्रम सुलतान हिने 1552 मध्ये उभारलेला लंगरखाना आहे. तिकडे त्याला तकिया म्हणतात. गावांचे उत्पन्न वक्फ करून त्याचा खर्च भागवला जाई. सकाळी तांदळाची पेज आणि संध्याकाळी भरडलेल्या गव्हाची. जुम्म्याला आणि सणाला मात्र मटण-भात आणि ‘जर्दे’, म्हणजे केशरी गोड भात. तोच आपला जर्दा! हेब्रॉनला हजरत इब्राहीम यांच्या नावाचा तकिया आहे. तिथे गहू आणि मांस एकत्र शिजवून ‘जरीशा’ वाटतात. मोहरममध्ये आपल्या मोहल्ल्यात रात्रभर घोटला जाणारा खिचडा याच कुळातला. 1226 च्या बगदादी पाकग्रंथात हरिसा आहे. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’तही हरिसा आणि हलीम आहेत. पॅलेस्टाइनचे ख्रिस्ती लोकही डिसेंबरात संत बार्बारेच्या सणाला गहू उकडून ‘बुरबारा’ करतात. गहू एकच, त्याला हात मात्र अनेकांचे लागले.

गाझातही मोफत अन्न शिजवणाऱ्या चुलींना लोक तकियाच म्हणतात. 2 मार्च 2025 पासून इस्राएलने तिथे जाणारे अन्नधान्य अडवले. मे महिन्यात पीठ आणि तांदूळ संपल्यामुळे कितीतरी चुली विझल्या. 22 ऑगस्ट 2025 रोजी आयपीसी या आंतरराष्ट्रीय यंत्रणेने गाझा शहराच्या परिसरात दुष्काळ असल्याचे जाहीर केले. पाऊस न पडल्यामुळे आलेला हा दुष्काळ नव्हता. धान्य सीमेपलीकडे उभे होते. गिरडच्या दंतकथेत व्यापाऱ्याच्या मालाचे दगड झाले. इथे दगड झाले ते माणसांच्या काळजाचे.

आता आपल्या अंगणात येऊ. रामटेकहून नागपूरला जाताना कामठी लागते. 1861 मध्ये ताजुद्दीन बाबांचा जन्म तिथे झाला. नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळातून बाबांना आपल्या वाड्यात नेऊन ज्यांनी त्यांची सेवा केली, ते राजे रघुजीराव भोसले होते. 1925 मध्ये बाबांचे निधन झाले. ताजबागच्या लंगरमध्ये आजही कोणाची जात किंवा धर्म विचारला जात नाही. मोहरमचा मलिदा आणि चोंगे हिंदू घरांतून येत, दर्ग्याच्या कंदुरीला अख्खे गाव जेवत असे, ही महाराष्ट्रातली कालपरवाची गोष्ट आहे.

आज मात्र ताटावरून माणसाची पारख होते. डब्यात काय आणले आहे, यावरून शाळेतली मुले एकमेकांपासून दूर सरकतात. दुसऱ्यांना दोष देण्याआधी आपणही स्वतःकडे पाहिले पाहिजे. आपल्या दावतींमध्ये पदार्थ वाढले, पण पंगतीत दुसऱ्या मोहल्ल्याचा माणूस किती वेळा असतो? नजर-नियाज चुकीची की बरोबर, यावर आपण तावातावाने भांडतो. त्या भांडणात शेजाऱ्याकडे जाणारी रकाबी मात्र बंद झाली, याची कोणी खंत करीत नाही.

घर, शेत आणि गाव हिरावले गेल्यावरही पॅलेस्टाइनच्या बायांनी आपल्या पदार्थांची नावे निर्वासित छावण्यांत जपली. 1948 नंतर जन्मलेल्या मुलांना आपले गाव पहिल्यांदा कळले ते आजीच्या चुलीपाशीच. आपले मोहल्ले सुदैवाने जागेवर आहेत. तेव्हा नानी-दादीकडून खिचड्याचे प्रमाण, मलिद्याची रीत आणि ती कोणाकोणाच्या घरी पोचत असे त्या घरांची नावे आपण मराठीत लिहून ठेवू या. आणि पुढच्या मोहरमला त्यांतल्या एका घरी रकाबी पाठवू या. देगेचा इतिहास नुसता लिहून पुरा होत नाही, तो वाढावाही लागतो.