कोकोपीटमधील रोपे : पाणी व खत

नारळाच्या सोडणाचा भुसा म्हणजे कोकोपीट. मिरची-टोमॅटोची रोपे त्यात प्रो-ट्रेमध्ये वाढवतात. भुसा पाणी भरपूर धरतो, अन्न मात्र जवळजवळ देत नाही. त्यातले सोडियम-पोटॅशियमचे क्षार धुऊन तो कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवतात. वळसंगसारख्या (ता. दक्षिण सोलापूर) कोरड्या भागात वरचा थर उन्हाने भुरा पडतो, तळ ओलाच असतो, नवखा इथेच फसून पुन्हा पाणी घालतो आणि रोपे मर रोगाने आडवी होतात. भुसा मुठीत दाबावा : दोन-चार थेंब गळले तर ठीक, धार लागली तर झारी खाली ठेवावी. खरी पाने फुटल्यावरच 19:19:19 हे विद्राव्य खत, लिटरला 1 ग्रॅम.